तान्ह्या बाळाचे रडणे : पोटशूळ, झोप आणि पुढील वाढ

बाळाच्या जन्मानंतरचे पहिले तीन महिने कुटुंबाच्या दृष्टीने जितके आनंदाचे, तितकेच कसोटीचे असतात. दिवसभर शांत असलेले, अंगावर नीट पिणारे बाळ दिवेलागणीच्या सुमारास एकाएकी रडू लागते. चेहरा लाल होतो, मुठी आवळल्या जातात, पाय पोटाशी घेतले जातात आणि काही केल्या टाहो थांबत नाही. हा प्रकार रोज त्याच वेळी घडू लागला की घरात तर्कवितर्क सुरू होतात. कोणी म्हणते दूध बाधले, कोणी म्हणते दृष्ट लागली, तर कोणी बाळंतिणीने काही वातूळ खाल्ल्याचा ठपका ठेवते. वैद्यकशास्त्रात या अवस्थेस ‘कॉलिक’ म्हणतात. आपण तिला अर्भकाचा पोटशूळ म्हणू. या रडण्याचे स्वरूप काय, मुलाच्या झोपेवर, बुद्धीवर व स्वभावावर त्याचा पुढे परिणाम होतो काय, आणि घरच्यांनी काय करावे व काय कटाक्षाने टाळावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पोटशूळ कशास म्हणावे?

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ डॉ. मॉरिस वेसेल व त्यांचे सहकारी यांनी १९५४ साली या विषयावर एक लेख प्रसिद्ध केला. त्यातून पुढे ‘तीनांचा नियम’ रूढ झाला. एरवी निरोगी असलेले व वजन नीट वाढत असलेले बाळ दिवसातून तीन तासांहून अधिक, आठवड्यातून तीन दिवसांहून अधिक आणि असे तीन आठवड्यांहून अधिक काळ रडत असेल, तर त्यास पोटशूळ म्हणावे, असा हा नियम होय. २०१६ साली तज्ज्ञांनी केलेल्या नव्या व्याख्येत तास मोजण्यावर भर नाही. पाच महिन्यांच्या आतील बाळ उघड कारणावाचून वारंवार व दीर्घकाळ रडते, घरच्यांच्या प्रयत्नांनी ते रडणे टळत नाही वा थांबत नाही, आणि बाळाला ताप, आजार किंवा वाढीतील खुंटलेपणा नाही, एवढी लक्षणे पुरेशी मानली जातात.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. थोडेफार रडणे हा प्रत्येक तान्ह्या बाळाचा धर्म आहे. डॉ. बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ साली ८० निरोगी बाळांच्या रडण्याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. दुसऱ्या आठवड्यात ही बाळे दिवसाकाठी साधारणपणे पावणेदोन तास रडत; सहाव्या आठवड्यात हे प्रमाण पावणेतीन तासांपर्यंत चढले आणि बाराव्या आठवड्यापर्यंत तासाच्या आत आले. म्हणजेच रडण्याचा एक ठरावीक चढ-उतार आहे, आणि पोटशुळाचे बाळ हे त्याच चढाच्या वरच्या टोकावरील बाळ होय. निरनिराळ्या देशांतील पाहण्यांचा २०१७ साली एकत्रित अभ्यास झाला. त्यात पहिल्या सहा आठवड्यांत शेकडा १७ ते २५ बाळांना पोटशूळ असल्याचे, तर दहा ते बारा आठवड्यांच्या वयात हेच प्रमाण शेकडा ०.६ इतके खाली आल्याचे आढळले.

कारणांचा शोध

‘पोटशूळ’ हे नाव रूढ झाले असले, तरी बहुतेक बाळांच्या बाबतीत दुखणे पोटातच असते असे सिद्ध झालेले नाही. काही थोड्या बाळांना गाईच्या दुधातील प्रथिनांची अधिहृषता असते. काहींच्या आतड्यांतील उपयुक्त जिवाणूंचे प्रमाण वेगळे आढळते. परंतु या कारणांनी सर्व बाळांचा उलगडा होत नाही. याउलट, दिवस भरण्यापूर्वी जन्मलेल्या बाळांचे रडणे जन्मापासून नव्हे, तर अपेक्षित प्रसूतीच्या तारखेपासून सुमारे सहा आठवड्यांनी शिगेस पोहोचते, हे निरीक्षण उद्बोधक आहे. मूल किती दिवस दूध पीत आहे यापेक्षा त्याच्या मज्जासंस्थेची परिपक्वता येथे महत्त्वाची ठरते, असे यावरून दिसते. आफ्रिकेतील कलाहारी वाळवंटात राहणाऱ्या कुंग सान लोकांत बाळ दिवसभर आईच्या अंगाशी असते व तासातून अनेक वेळा स्तनपान करते. तरीही त्या बाळांच्या रडण्यात हाच चढ-उतार आढळला. फरक इतकाच, की प्रत्येक वेळचे रडणे थोडक्यात आटोपत होते. तेव्हा बाळ रडते म्हणून आईला किंवा तिच्या दुधाला दोष देणे सर्वस्वी अन्यायाचे आहे.

झोपेशी संबंध

नवजात बाळाला दिवस-रात्रीचे भान नसते. रात्री झोप आणणाऱ्या मेलाटोनिन या संप्रेरकाची लय साधारणतः दोन ते तीन महिन्यांच्या सुमारास बसू लागते. पोटशूळ ओसरण्याचा काळही नेमका हाच. पोटशुळाची बाळे पहिल्या काही आठवड्यांत इतरांपेक्षा कमी झोपतात, असे आईवडिलांनी ठेवलेल्या नोंदींवरून दिसते. मात्र सहा महिन्यांच्या सुमारास हे अंतर बरेच कमी होते. फिनलंडमधील संशोधकांनी अशा बाळांच्या झोपेची यंत्रांच्या साहाय्याने दोन व सात महिन्यांच्या वयात तपासणी केली. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यांच्या झोपेची रचना इतर बाळांसारखीच आढळली. सारांश, पोटशुळामुळे झोपेची घडी कायमची विस्कटते, ही भीती निराधार आहे.

तीन महिन्यांनंतर मात्र झोपेच्या सवयींकडे लक्ष द्यावे. रडण्याच्या काळात बाळाला तासन् तास खांद्यावर घेऊन फिरवावे लागते व ते योग्यच आहे. पुढे रडणे ओसरल्यावर झोपण्याची वेळ ठरवावी, दिवा मंद करावा, आणि पेंगुळलेले बाळ पूर्ण झोपण्यापूर्वीच अंथरुणावर ठेवण्याचा सराव करावा. बाळाला नेहमी पाठीवर झोपवावे व त्याच्या तोंडाजवळ उशी अथवा मऊ पांघरूण ठेवू नये.

बुद्धी व स्वभावावर परिणाम होतो काय?

पालकांच्या मनातील खरी चिंता हीच असते. नॉर्वे व स्वीडनमधील ३२७ मुलांच्या पाहणीचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. ज्यांना केवळ नेहमीचा पोटशूळ होता व तो तीन महिन्यांत थांबला, त्यांची पाचव्या वर्षीची बुद्धिमत्ता इतर मुलांच्या बरोबरीची होती. मात्र ज्यांचे रडणे बारा आठवड्यांनंतरही चालू राहिले, त्यांचा बुद्ध्यंक सरासरीने सुमारे ९ गुणांनी कमी भरला. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथील २०१८ च्या अभ्यासातही, पोटशूळ होऊन गेलेली मुले दोन-तीन वर्षांची झाल्यावर त्यांच्या वर्तनात इतरांहून फरक दिसला नाही. उलट, २०११ साली २२ अभ्यासांचे एकत्रित परीक्षण करण्यात आले तेव्हा रडणे, झोपणे व पिणे यांपैकी एकाहून अधिक बाबतींत दीर्घकाळ अडचणी असलेल्या मुलांत पुढे हट्टीपणा, चंचलता व लक्ष न लागणे यांचे प्रमाण अधिक आढळले.

या निष्कर्षांचा अर्थ नीट समजून घ्यावा. दीर्घकाळ रडल्यामुळे बुद्धी कमी होते, असा तो नाही. मज्जासंस्थेच्या वाढीतील एखादी अडचण प्रथम रडण्याच्या रूपाने प्रकट होत असेल, किंवा घरातील ताण व आईचे खालावलेले मानसिक स्वास्थ्य यांचाही त्यात वाटा असेल. २०१३ साली इटली व फ्रान्समधील डॉक्टरांना अर्धशिशी असलेल्या मुलांपैकी शेकडा ७२.६ मुलांना तान्हेपणी पोटशूळ होऊन गेल्याचे दिसले. इतर मुलांत हे प्रमाण २६.५ होते. म्हणजे काही मुलांत या दोहोंचे मूळ एक असणे संभवते. व्यवहारात यातून एकच खूणगाठ बांधावयाची : तीन महिन्यांच्या आत ओसरणारे रडणे निर्धोक समजावे, चौथ्या महिन्यानंतरही ते टिकून असेल, तर बाळाची वाढ व विकास यांची डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी.

अघोरी व अपायकारक उपाय

पोटशूळ स्वतः घातक नाही. घातक ठरतात ते त्यावरील उपाय. गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मुंबईतील गिरणी कामगार स्त्रिया कामावर जाताना तान्ह्या मुलांना अफूची गोळी देत, याची नोंद तत्कालीन अहवालांत आहे. त्या काळी ती लाचारी होती. परंतु बाळाला गुंगी आणून गप्प करण्याची वृत्ती अद्याप पुरती गेलेली नाही. मेळघाटात पोट फुगलेल्या बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्याने चटके देण्याची ‘डंबा’ नावाची प्रथा आहे. चटक्यांच्या जखमांतून जंतुसंसर्ग होऊन तान्हे बाळ प्राणास मुकू शकते, आणि पोटातील खऱ्या आजारावर उपचार होण्याची वेळ निघून जाते ती वेगळीच.

मध, घुटी, साखरपाणी, ग्राइप वॉटर यांपैकी काहीही सहा महिन्यांच्या आत देऊ नये. आईचे दूध हाच बाळाचा संपूर्ण आहार होय. मधातून बोट्युलिझम हा प्राणघातक आजार होण्याचा संभव असल्याने वर्षाच्या आत तो चाटवूही नये. डायसायक्लोमीन हे पोटदुखीचे औषध सहा महिन्यांखालील बाळांना वर्ज्य आहे, कारण त्याने श्वास थांबण्याचा धोका असतो. दुकानदाराच्या सांगण्यावरून कोणतेही थेंब आणू नयेत. केवळ अंगावर पिणाऱ्या बाळांना विशिष्ट उपयुक्त जिवाणूंच्या थेंबांनी काही गुण येतो असे आढळले आहे. परंतु तेही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावेत.

घरी काय करावे?

प्रथम बाळ भुकेले, ओले वा उकाड्याने हैराण झाले आहे काय ते पाहावे. ते स्तनास नीट लागते किंवा नाही हे आशा कार्यकर्तीकडून तपासून घ्यावे. पाजल्यावर खांद्यावर धरून ढेकर काढावी. संध्याकाळी दिवा मंद व आवाज कमी ठेवून बाळाला छातीशी धरून संथपणे डोलवावे. कॅनडातील १९८६ च्या एका प्रयोगात बाळांना रोज अधिक काळ कडेवर बाळगले असता सहाव्या आठवड्यातील त्यांचे रडणे शेकडा ४३ ने कमी झाले. ही बाळे सर्वसाधारण होती. पोटशूळ जडलेल्या बाळात इतका गुण येईलच असे नाही. तरीही या उपायाला ना खर्च, ना अपाय.

सगळे करूनही रडणे न थांबल्यास घरच्यांचा धीर सुटतो. अशा क्षणी बाळाला कधीही जोराने हलवू नये. त्याची मान दुबळी असते, व हिसक्याने मेंदूत रक्तस्राव होऊन अंधत्व, अपंगत्व किंवा मृत्यू ओढवतो. संताप अनावर झाल्यास बाळाला अंथरुणावर पाठीवर सुरक्षित ठेवून पाच-दहा मिनिटे बाजूला व्हावे, किंवा ते दुसऱ्याच्या हाती द्यावे. वडील, आजी, आत्या यांनी संध्याकाळचा तास-दोन तासांचा भार उचलला, तर बाळंतिणीला विसावा मिळतो. तिला सतत रडू येणे, झोप न लागणे, जगणे नकोसे वाटणे अशी लक्षणे दिसल्यास आरोग्य केंद्रात न्यावे. ‘टेलिमानस’ या सेवेच्या १४४१६ या क्रमांकावरही विनामूल्य सल्ला मिळतो.

बाळाला ताप असणे, त्याने दूध सोडणे, हिरवी उलटी, शौचात रक्त, पोट वा जांघ फुगून कडक होणे, टाळू उंच होणे, झटके, ग्लानी किंवा वजन न वाढणे यांपैकी एकही लक्षण दिसले, तर तो पोटशूळ नव्हे. अशा वेळी घरगुती उपायांत वेळ न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून बाळास रुग्णालयात न्यावे.

आशा कार्यकर्तीची भूमिका

नवजात बालकांच्या गृहभेटींच्या कार्यक्रमात आशा कार्यकर्ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. घरी प्रसूती झाल्यास पहिल्या दिवशीही येते. यांतील अखेरची भेट सहाव्या आठवड्यात, म्हणजे रडणे शिगेस पोहोचते नेमक्या त्याच वेळी पडते, आणि पुढील भेट थेट तिसऱ्या महिन्यात असते. म्हणून रडण्याविषयीचा सल्ला एकविसाव्या व अठ्ठाविसाव्या दिवशीच द्यावयास हवा. ‘हे रडणे अजून वाढेल, सहाव्या आठवड्यानंतर उतरू लागेल व तिसऱ्या महिन्यात थांबेल,’ हे घरातील वडीलधाऱ्यांच्या समक्ष आधीच सांगितले, तर मांत्रिकाची वाट धरण्याची वेळ येणार नाही. पुढची वाढ निकोप राहण्यासाठी अशा बाळाला हवे असते ते आईचे दूध, मायेची ऊब आणि घरातील सर्वांचा तीन महिन्यांचा संयम.