सोय आणि सक्ती : संततिनियमनाच्या कायद्याचा इतिहास

१० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत संततिनियमनाविषयी एक अशासकीय ठराव चर्चेस आला. तो परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा होता. ते त्या दिवशी अनुपस्थित असल्याने पी. जे. रोहम यांनी मांडला. सरकारने जनतेत संततिनियमनाचा जोरदार प्रचार करावा व त्यासाठी पुरेशा सोयी पुरवाव्यात, एवढीच मागणी होती. बाजूने ११ मते पडली, विरोधात ५२.

इतिहास शिकविताना आम्ही या ठरावातील क्रियापदांकडे विद्यार्थ्यांचे लक्ष वेधतो. प्रचार करावा, सोयी पुरवाव्यात. कोणाला दंड करावा, कोणाचा हक्क काढून घ्यावा, असे त्यात कोठेही नाही. भाषणात दारिद्र्याचा विचार होताच; पण मूल नको असेल त्या स्त्रीला, कारण कोणतेही असो, गर्भधारणा टाळता आली पाहिजे, हेही त्यात स्पष्ट होते.

१९५२ मध्ये देशाने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम स्वीकारला. सोयींच्या मागोमाग उद्दिष्टांचे आकडे आले आणि आणीबाणीत सक्ती आली. १९७६-७७ या एकाच वर्षात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर तीन अपत्यांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच संमत केले होते! राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही.

पुढे सक्तीने वेष बदलला. दोनहून अधिक अपत्ये असल्यास ग्रामपंचायतीची निवडणूक लढविता येत नाही, हा नियम महाराष्ट्रातही आला. हरियाणातील अशीच तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये वैध ठरविली. निकालाचा आदर राखूनही आम्हांस तो पटत नाही. ७३ व्या घटनादुरुस्तीने ज्या स्त्रीला राखीव जागा दिली, तिला किती मुले व्हावीत हे पुष्कळदा सासरघर ठरविते. अपात्र मात्र ती ठरते.

त्याच न्यायालयाने २००९ मध्ये, मूल होऊ द्यावे की नाही हा स्त्रीचा निर्णय अनुच्छेद २१ मधील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला. पुढचा खटला बिहारमधील अररियाचा. तेथे जानेवारी २०१२ मध्ये एका शाळेत, बॅटरीच्या उजेडात, एका रात्री ५३ स्त्रियांवर नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. २०१६ च्या निकालाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्यास सांगितले. शस्त्रक्रियेचे परिणाम व धोके स्त्रीला तिच्या भाषेत समजावून देऊन, विचारास वेळ देऊनच संमती घ्यावी, असेही बजावले. संमतीपत्रावर अंगठा उमटविण्यापूर्वी ते वाचून दाखवा, असे डॉक्टरांना सांगण्याचा अधिकार आपल्या वस्तीतील प्रत्येक माउलीला आहे.