संदर्भाच्या जागी प्रश्नचिन्ह का उमटते?

प्रबंध सादर करण्याचा दिवस उद्यावर आलेला, आणि पानोपानी जिथे आधार दिला तिथे चौकटी कंसात नुसते प्रश्नचिन्ह! लॅटेक या अक्षरजुळणी-प्रणालीवर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना हे दृश्य परिचित आहे. परीक्षकाच्या लेखी आधार नसलेले विधान म्हणजे लेखकाचे निव्वळ मत, तेव्हा ही बाब क्षुल्लक नव्हे.

मुळात लॅटेक स्वतः ग्रंथसूची रचतच नाही. पहिल्या फेरीत ते कोणकोणत्या ग्रंथांचा निर्देश झाला एवढेच एका साहाय्यक फाइलीत टिपून ठेवते. ती फाइल वाचून बिबटेक हा दुसरा प्रोग्रॅम (१९८५, कर्ते ओरेन पाताश्निक) आपल्या नोंदींतून सूची तयार करतो. लॅटेकच्या दुसऱ्या फेरीत सूची छापली जाते; मजकुरातील क्रमांक मात्र तिसऱ्या फेरीत बसतात. पुष्कळांचे प्रश्नचिन्ह केवळ या फेऱ्या अपुऱ्या राहिल्याने टिकते. तरीही ते गेले नाही, तर संकेतशब्दाचे स्पेलिंग आणि नोंदीतला निसटलेला स्वल्पविराम पाहावा. बिबटेक आपली तक्रार बीएलजी फाइलीत लिहून ठेवतो. ती उघडण्याची तसदी कोणी घेत नाही, एवढेच.

मराठी नावांची गोष्ट निराळी. दोन लेखकांमध्ये ‘आणि’ लिहिले, की बिबटेक दोघांचा एकच गृहस्थ करतो. तिथे इंग्रजी ‘अँड’च रोमन लिपीत हवे. संस्थेचे शेवटचे पद तो आडनाव समजतो. त्यामुळे ‘मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय’ सूचीत ‘म’ऐवजी ‘ग’खाली जाऊन बसते. अशा नावाला महिरपी कंसांची आणखी एक जोडी घालावी.