डिझेलचा परतावा आणि जिनिव्हा

प्रश्न : लेक एलएल.बी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. वकिली नको, आंतरराष्ट्रीय पर्यावरण कायदा शिकवायचा आणि त्यात संशोधन करायचं म्हणते. आमचा धंदा मासेमारीचा. हा विषय कशाशी खातात? त्यावर पोट भरतं का?
– एक वाचक, उत्तन (भाईंदर)

उत्तर : तुमच्या घरात तरी तो डिझेलशी खातात! मच्छीमार संस्थेमार्फत बोटीच्या डिझेलवरच्या कराचा परतावा मिळतो ना, तो जागतिक व्यापार संघटनेच्या लेखी मासेमारीचं अनुदान. अशा अनुदानांनी बोटी वाढतात, समुद्र रिकामा होतो, म्हणून ती आवरा, ही वाटाघाट २००१ पासून चालू आहे. जून २०२२ मध्ये जिनिव्हात करार झाला, पण मुख्यतः बेकायदा मासेमारी आणि खालावलेले साठे यांच्यापुरता. मासेमारीची ताकद वाढवणाऱ्या अनुदानांचा मोठा वाद मागे ठेवावा लागला. त्यासाठी भारत २५ वर्षांची मुदत मागत होता. म्हणणं असं, की समुद्र उपसला दूरदेशीच्या अजस्र जहाजांनी, मग भुर्दंड किनाऱ्यावरच्या छोट्या डोलकराने का भरायचा? या युक्तिवादामागे १९९२ च्या रिओ जाहीरनाम्यातलं सातवं तत्त्व आहे : जबाबदारी सगळ्यांची, पण सारखी नाही.

मला ही बाजू अर्धीच पटते. मोठ्या पर्ससीन जाळ्याचा बोटवाला आणि डोलकर जिनिव्हात दोघंही 'भारतीय मच्छीमार'. इथे मात्र एकाच्या जाळ्याने दुसऱ्याचं जाळं रिकामं राहतं. राज्याने २०१६ मध्ये पर्ससीनवर बंधनं घातली ती या भांडणामुळेच. तिवरांचंही तसंच. ती तोडणं म्हणजे जगण्याच्या हक्कावर घाला, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटलं, आणि योग्यच म्हटलं. पण संरक्षित खाडीत होडी कुठे लावायची, जाळी कुठे वाळवायची, हे ठरवताना कोळ्यांना विचारतं कोण? संवर्धनाची किंमत कोणी मोजायची, हा तुमच्या लेकीच्या विषयाचा गाभा. त्यासाठी लागणारी निम्मी माहिती तिला घरातच मिळेल. परदेशी विद्यापीठातल्या पोराला ती गोळा करायला वर्षं लागतात.

आता पोटाचं. एलएल.एम.ला ५५ टक्के, मग नेट ही पात्रता परीक्षा किंवा पीएच.डी., तेव्हा सहायक प्राध्यापकपदाचा अर्ज. कायम जागा थोड्या. बरेच जण काही वर्षं तासिका तत्त्वावर काढतात, त्यावर घर चालत नाही. म्हणून नुसती नेट नको, जेआरएफ ही संशोधनवृत्तीही मिळवायला सांगा. त्यात संशोधन करताना सुरुवातीला दरमहा ३७ हजार रुपये मिळतात. आणि वकिलीची सनद तेवढी घेऊन ठेवू द्या.