बस घेण्याआधी
हिंदमाता, दादर

चि. बाळास,


तू जुनी स्कूल बस घेतोयस, असं ताईने फोनवर सांगितलं. पाहिलेल्या दोन गाड्यांपैकी जास्त हॉर्सपॉवरची तुझ्या मनात भरलीय म्हणे. पण ती हॉर्सपॉवर वापरणार कुठे? स्पीड गव्हर्नर सक्तीचा, आणि लालबागहून दादरपर्यंत मुलं उचलत येणारी गाडी तिसऱ्या गिअरच्या वर क्वचितच जाते. गाडी घ्यायची ती आपला रस्ता बघून.

डिझेल असेल तर आधी बीएस कितवं ते बघ. 1 एप्रिल 2020 नंतरची गाडी बीएस-6. तिच्या सायलेन्सरच्या लाइनीत काजळी अडवणारा फिल्टर असतो. साठलेली काजळी जळायला एक्झॉस्ट चांगला तापावा लागतो. नाशिक हायवेवर तो तापतो, गल्लीगल्लीत थांबणाऱ्या बसचा नाही. मग डॅशबोर्डवर दिवा लागतो, पिकअप मरतो आणि खर्च अंगावर येतो. बीएस-4 मध्ये ही भानगड सहसा नसते, पण त्या गाड्यांचं वय झालंय. किती वर्षं चालवता येईल ते ताडदेव आरटीओत विचारून घे. माझं मत कंपनीफिटेड सीएनजीला. चढावर ती जरा कमी ओढते, पंपावर रांग असते, पण परळच्या पुलाला पुरते. टाकीची हायड्रोटेस्ट दर 3 वर्षांनी लागते. ते सर्टिफिकेट हातात घेऊन तारीख वाच.

गिअरबॉक्स साधा पाच गिअरचा मॅन्युअलच घे. एएमटी ट्रॅफिकमध्ये पायाला सुख देतो, पण जुना झालेला एएमटी बिघडला तर नाक्यावरचा फिटर त्याला हात लावत नाही, आणि मुलं भर रस्त्यात अडकतात. क्लच बघायचा तर हँडब्रेक लावून तिसरा गिअर टाक आणि क्लच हळूहळू सोड. इंजिन बंद पडलं तर प्लेट शाबूत आहे. चालूच राहिलं तर प्लेट गेलेली. पुलाच्या उतारावर अॅक्सिलरेटर सोडून गिअर निसटतो का, तेही बघ.

आता पाण्याचं. हिंदमाताला पाणी तुंबतं म्हणून पालिकेने भूमिगत टाक्या बांधल्या, दोन पुलांमधला रस्ता उंच केला. तरी मुसळधार पाऊस आणि भरती एकत्र आली तर भरवसा धरू नकोस. इंजिन जिथून हवा घेतं ते तोंड जमिनीपासून किती वर आहे, टेपने मोज. तिथून पाणी आत शिरलं तर पिस्टनला ते दाबता येत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात गाडी बंद पडली तर ड्रायव्हरने पुन्हा सेल्फ मारायचा नाही, हे त्याला पहिल्याच दिवशी बजाव.

गाडी आधी कुठे बुडाली होती का, हे विकणारा सांगणार नाही. सीट बेल्ट मुळापर्यंत ओढून बघ, तिथे गाळाची रेघ राहते. गिअरबॉक्स आणि मागच्या अॅक्सलच्या हाऊसिंगचं ऑइल बोटावर घे. दुधाच्या चहासारखं दिसलं तर तिथूनच परत फिर.

शनिवारी सकाळी मी फिटरला घेऊन येतो. आम्ही पोचेपर्यंत इंजिन चालू करू नका, असं विकणाऱ्याला आजच सांग. थंड इंजिन कसं उचलतं ते मला बघायचंय. तोपर्यंत टोकनसुद्धा देऊ नकोस.

तुझा,
मामा