गुंठ्याआधी पाण्याची वाट

तीस वर्षं बीड जिल्ह्यात तलाठी होतो. २००१ साली जिल्ह्यात २१ लाख ६१ हजार माणसं होती, २०११ च्या जनगणनेत २५ लाख ८५ हजार झाली. वाढलेली सव्वाचार लाख माणसं राहणार कुठे, हे आधी कुणी ठरवलं नाही. खरेदीखतांनीच ते ठरवून टाकलं. त्या नोंदी माझ्या हातच्या आहेत, म्हणून हे लिहितो.

१. आधी ओढा बघा, मग प्लॉट. शहराच्या कडेच्या एका शिवारात भर उन्हाळ्यात फक्कीने चौकोन आखले गेले. मधून जाणारा ओढा मुरूम टाकून बुजवला. गटाच्या नकाशावर तो होता, जमिनीवर उरला नाही. दोन-तीन पावसाळे कोरडे गेले, घरं उठली. मग एका रात्री पाणी आपल्या जुन्या वाटेने आलं. सकाळी पंचनाम्याला गेलो तर एक आजी भिजलेली ज्वारी पत्र्यावर पसरत होती. म्हणाली, "भाऊसाहेब, नकाशा तुमच्यापशीच व्हता ना?" होता. दप्तरात घडी घालून ठेवलेला होता. मी तो वेळेवर कुणापुढे उघडला नाही, याचं दुःख अजून जात नाही.

२. एक गुंठा घेणाऱ्याला दोष देऊ नका. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा. ठरवलेल्या मापाहून (२०२३ पासून जिरायत २० गुंठे, बागायत १० गुंठे) लहान तुकडा २०२५ पर्यंत शहरालगतही विकता येत नव्हता. पण मजुराची, शिपायाची ऐपतच एका गुंठ्याची, म्हणजे १,०८९ चौरस फुटांची. मग दहा-अकरा जण मिळून सामाईक खरेदी करत. सातबाऱ्यावर नावांची रांग लागे, कुणाची हद्द कुठे ते फक्त रोवलेला दगड जाणे. पुढे बांधकाम परवानगी अडे, बँक कर्ज देत नसे, रस्ता कुणाच्या वाट्यातून यावर भांडणं होत. मंजूर लेआउटमध्ये लहान, परवडणारे प्लॉट मिळाले असते तर ही माणसं त्या वाटेला गेलीच नसती.

३. माणसं कधी मोजली ते विचारा. २०११ ची मोजणी फेब्रुवारीतली, म्हणजे ऐन ऊसतोडीतली. तेव्हा हातीपायी धड माणसं ऊस तोडायला गेलेली, आमच्या तांड्या-वस्त्यांवर दारोदार कुलपं आणि ओसरीवर म्हातारी माणसं. वर्गखोल्या आणि पाण्याच्या टाक्या हंगामातल्या गावाच्या मापाने बांधल्या, तर पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, कोयते (ऊसतोड मजूर) परततात तेव्हा त्या पुरत नाहीत.

४. पाण्याचा हिशेब घरांच्या आधी मांडा. धनेगावचं मांजरा धरण आटलं आणि २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. ते धरण आमच्याच केज तालुक्यातलं.

५. लेआउटमधल्या मोकळ्या जागेला पहिल्याच दिवशी कुंपण घाला.

६. जागा पावसात बघा. १७ सप्टेंबर २०२५ ला बीडला रेल्वे आली आणि स्टेशनकडच्या जमिनींचे भाव घरोघरी बोलले जाऊ लागले. पुतण्याने एक प्लॉट पसंत केला होता. मोठा पाऊस पडून गेल्यावर त्याला तिथे नेलं, गटाचा नकाशा सोबत घेतला. फक्कीच्या रेषा धुऊन गेल्या होत्या. पोटरीभर गढूळ पाण्यात उभा राहून तो म्हणाला, "काका, नकाशात ही ओळ हितनंच जाती."