कुत्र्यांच्या गुदग्रंथींचे विकार

पाळीव कुत्रा बूड जमिनीला टेकवून घसटत चालू लागला की त्याला जंत झाले, असे घरोघरी ठरवले जाते व जंतांचे औषध पाजले जाते. हा समज सर्वस्वी चुकीचा नव्हे. पट्टकृमीचे तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे बाहेर पडू लागले म्हणजे तेथे खाज सुटते. तथापि पुष्कळदा मूळ दुखणे गुदग्रंथींचे असते, आणि औषधाचा गुण येण्याची वाट पाहण्यात गेलेले दिवसच जनावराला महाग पडतात.

घड्याळाच्या तबकडीवर चार व आठ हे आकडे जेथे असतात, साधारणतः त्या जागी गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंस स्नायूंच्या थरांत दोन लहान पिशव्या असतात. त्यांत उग्र दर्पाचा तपकिरी स्राव साठतो. घट्ट विष्ठा बाहेर पडताना पिशव्यांवर दाब येऊन त्या रित्या होतात. विष्ठा वरचेवर पातळ झाल्यास हा दाब पडत नाही. प्रौढ कुत्र्यांपैकी अनेकांना दूध पचत नाही. तरीही दूध-पोळी हाच त्यांचा नित्याचा आहार असतो. स्थूलपणा व त्वचेची अ‍ॅलर्जी यांचीही या विकाराला साथ मिळते. लहान चणीच्या जातींत तो अधिक आढळतो.

साठलेला स्राव दाट होतो, नलिका बुजते, पुढे जंतुसंसर्ग होऊन गळू होते. कुत्रा शेपटीखाली सारखा चाटतो, शौचास बसताना कण्हतो. गुदद्वाराच्या एका बाजूस लाल, दुखरी सूज येते व ती फुटून रक्तमिश्रित पू वाहतो. अशा वेळी गरीब स्वभावाचा कुत्राही धन्याला चावतो. म्हणून घरी गळू पिळू नये, आणि माणसांच्या वेदनाशामक गोळ्या तर मुळीच देऊ नयेत. पॅरासिटामॉल व आयबुप्रोफेन कुत्र्यास विषारी ठरू शकतात.

पशुवैद्यक हातमोजा घालून पिशवी रिती करतात, गरजेनुसार धुतात व प्रतिजैविके देतात. विकार पुनःपुन्हा उद्भवल्यास शस्त्रक्रियेने पिशव्या काढता येतात. मात्र त्यानंतर विष्ठेवरील ताबा जाण्याचा धोका काही प्रमाणात असतो. त्रास नसलेल्या कुत्र्याच्या ग्रंथी दर महिन्यास पिळून घेण्याची हौस मात्र अनाठायी होय.

वयस्क कुत्र्याच्या गुदद्वाराशी न दुखणारी टणक गाठ लागली, त्यातच तहान व लघवी वाढली, तर कर्करोगाची शंका घेऊन रक्तातील कॅल्शियमची तपासणी विनाविलंब करून घ्यावी लागते.