टेफ्लॉनवर भुलू नकोस

पोरी, प्रयोगशाळेसाठी हाय-व्होल्टेज केबल तुला निवडायचीय, तर मामाचं एवढं ऐक. कॅटलॉग नंतर उघड. आधी विचार, केबल जिथून जाणार तिथे किरणोत्साराची मात्रा तासाला किती ग्रे आणि उपकरण किती वर्षं चालवायचंय? गुणाकार करून एकूण मात्रा काढ. तो आकडा हाती नसेल तर विक्रेत्याशी बोलूच नकोस.

टेफ्लॉनचं नाव मोठं, उष्णताही सोसतं, म्हणून सगळे तेच मागतात. पण हवेत काही हजार ग्रे पडले की ते ठिसूळ होऊ लागतं, वाकवलं की तडकतं. साधं पॉलिथीन लाखभर ग्रेपर्यंत तग धरतं. पॉलिइमाइड आणि पीक (PEEK) हे प्लास्टिक कोटीच्या घरात. पीव्हीसी नकोच, त्यातून सुटणारा आम्लाचा वायू शेजारचे जोड खातो. आणि केबल पॉलिथीनची घेतलीस तरी टोकाचा एसएचव्ही कनेक्टर उघडून बघ, आत बहुधा टेफ्लॉनच असतं. पीकवाला माग, नाहीतर जोडच किरणांच्या टप्प्याबाहेर ने.

चाचणीच्या दाखल्यावर मात्रा असते, ती किती वेळात दिली तेही बघ. कोबाल्ट-60 समोर चार दिवसांत दिलेली मात्रा आणि तीच 10 वर्षांत हळूहळू बसलेली, यात दुसरी जास्त घातक. हवेतल्या ऑक्सिजनला प्लास्टिकमध्ये शिरायला सवड मिळते ना! मी तर दाखल्यातल्या आकड्याच्या दहाव्या हिश्श्यावरच भरवसा ठेवीन.

आपल्या जिल्ह्यात तारापूरला 1969 पासून अणुभट्ट्या चालतात. भट्टीच्या गाभ्यातल्या न्यूट्रॉन डिटेक्टरपाशी प्लास्टिकचं कामच नाही. तिथे धातूच्या नळीत मॅग्नेशियम ऑक्साइड किंवा अ‍ॅल्युमिनाची भुकटी ठासलेली, मधे तार, अशी केबल लागते. किरणांना ती दाद देत नाही. मॅग्नेशियम ऑक्साइडवालीचा वैरी ओलावा. आपल्या निर्मळ गावात पावसाळ्यात डब्यातलं मीठसुद्धा पाझरतं, मग कळंबच्या किनाऱ्याकडून येणाऱ्या या खाऱ्या वाऱ्यात केबलचं कापलेलं टोक रात्रभर उघडं राहिलं तर सकाळी इन्सुलेशन मोजणाऱ्या मेगरचा काटा खालीच बसायचा. म्हणून कापलंस की लगेच ज्योत धर, पण टोकावर नाही. वीतभर मागून तापवायला सुरुवात कर आणि ज्योत हळूहळू टोकाकडे सरकव, म्हणजे ओल बाहेर ढकलली जाते. उलट केलंस तर ती आत पळते. गरम असतानाच सील कर.

केबल टाकताना तिचेच हातभर तुकडे तिच्या शेजारी बांधून ठेव. वर्षातून एक काढून, किरणोत्सार तपासणाऱ्यांना दाखवून, वाकवून बघ. जुन्या, चालू केबलला मात्र उगाच हलवू नकोस. मेगर लावायचाच तर आधी सप्लाय बंद कर आणि मधली तार अर्थला टेकव. सप्लाय तोडल्यावरही लांब केबलमध्ये चार्ज बराच वेळ राहतो.